घाशीराम कोतवाल : व्यक्ति, अधिकार व न्याय

घाशीराम सावळदास हा इ. स. १७७७ पासून १७९१ पर्यंत पुणें शहराचा कोतवाल होता, आणि ता. ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं, म्हणजे शके १७१३ विरोधकृत् संवत्सरांत, तेलंग ब्राह्मणांनीं त्यास दगडांनीं ठार केलें, एवढी गोष्ट निर्विवाद आहे. याखेरीज त्याच्याविषयीं लोकांच्या तोंडीं जें कांहीं आहे तें बहुतेक कादंबरी व नाटक यांच्या वाटेनें आलेलें आहे. मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ सालीं ‘घाशीराम कोतवाल’ या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानंतर शंभरावर वर्षांनीं, १९७२ सालीं, विजय तेंडुलकर यांचें त्याच नांवाचें नाटक रंगभूमीवर आलें व त्यांतील नाना फडणिसांच्या चित्रणावरून मोठा वाद माजला. तेंडुलकरांनीं आपलें नाटक ऐतिहासिक नव्हे असें स्पष्ट सांगितलें होतें. तथापि नाटक पाहून परत येणारा मनुष्य असा खुलासा सहसा घरीं नेत नाहीं, हें आपण सर्व जाणतों.

या दोषांत आमचाही वांटा आहे, तो प्रथमच कबूल करतों. संस्कृताचा तास आटोपून इतिहासाचा तास घेण्याचें काम आमच्याकडे पुष्कळ वर्षें होतें. नाना फडणिसांच्या कारकीर्दीवर आलों म्हणजे आम्ही घाशीरामाची गोष्ट रंगवून सांगत असूं, आणि दुष्टास शासन झालें या संतोषांत वर्ग सुटत असे. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, “मास्तर, मग त्याची चौकशी कोणीं केली?” आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. सेवानिवृत्त झाल्यावर छापील साधनें पुन्हां चाळतांना तो प्रश्न सारखा पुढें येऊं लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास उशिरां दिलेलें उत्तर होय.

१. कोतवाल हें पद

‘कोतवाल’ हा शब्द फारसी अमदानींतून आपल्याकडे रुळला, म्हणून तो पद्धतीसह परदेशी असावा अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचें मूळ ‘कोट्टपाल’ हें संस्कृत पद आहे. ग्वाल्हेर येथील चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखांत, जो शून्याच्या अंकासाठीं गणितज्ञांत प्रसिद्ध आहे व ज्याचा काल इ. स. ८७६ हा आहे, अल्ल नांवाचा पुरुष प्रतीहार भोजराजाच्या वतीनें ग्वाल्हेरचा कोट्टपाल असल्याचा निर्देश आहे. तेव्हां पद आपलेंच. तें परक्या दरबारांत जाऊन तेथील वस्त्रें लेवून परत आलें इतकेंच.

याहूनही जुना पुरावा कौटिलीय अर्थशास्त्राचा आहे. त्यांतील नागरिकप्रणिधि या प्रकरणांत नगराधिकाऱ्याचीं जीं कामें सांगितलीं आहेत तीं वाचतांना आपण पुण्याच्या कोतवालीची सनदच वाचतों आहों असा भास होतो. घरोघरच्या माणसांची मोजदाद ठेवणें, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद घेणें, आगीचा बंदोबस्त करणें, रात्रीं ठराविक वेळीं वाद्य वाजल्यानंतर कोणास रस्त्यांत फिरूं न देणें, हीं सर्व कामें तेथें आहेत. परंतु त्याच ठिकाणीं दुसरीही गोष्ट आहे व ती आमच्या विषयास महत्त्वाची आहे. सुईण किंवा वैद्य आणावयास निघालेला, प्रेतासाठीं जाणारा, हातीं दिवा घेतलेला, मुद्रा जवळ असलेला, अशा मनुष्यास धरूं नये असें कौटिल्य सांगतो. आणि ज्यास अडवूं नये त्यास अडविणाऱ्या रक्षकास, ज्यास अडवावयाचें त्यास सोडणाऱ्या रक्षकाप्रमाणेंच, दंड लावतो. म्हणजे अधिकार व अधिकाऱ्यावरील अंकुश हीं दोन्ही त्यानें एकाच पानावर लिहिलीं. कालिदासाच्या शाकुंतलांतील सहाव्या अंकांत नगररक्षक कोळ्यास आधीं बडवितात व राजाचें बक्षीस मिळतांच त्याच कोळ्याबरोबर मद्य घ्यावयास जातात. तो प्रसंग पाहिला म्हणजे अंकुशाची गरज कवीसही ठाऊक होती असें दिसतें.

२. पुण्याची कोतवाली

नानासाहेब व थोरले माधवराव यांच्या वेळीं पुणें झपाट्यानें वाढलें. मूळच्या कसब्याभोंवतीं पेठ्यांमागून पेठा बसल्या. दरबारामुळें सरदार, सावकार, शिलेदार, शास्त्री, कारागीर व त्यांच्या मागून चोरचिलट यांची दाटी झाली. पेठेचा कमाविसदार आपापली पेठ पाही, परंतु एकंदर शहराचा बंदोबस्त करणारा एक अधिकारी हवा, या गरजेंतून माधवरावांच्या अमदानींत कोतवालीची घडी बसली. बुधवारांत कोतवालाची चावडी होती.

गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत कोतवालीच्या कामाचीं कलमें आलीं आहेत. तीं पाहिलीं म्हणजे या एका माणसाच्या हातीं किती गोष्टी होत्या हें ध्यानांत येतें. पेठांतील महत्त्वाचे कज्जे त्यानें तोडावयाचे. बाजारांतील निरख त्यानें ठरवावयाचे. रस्ते, बोळ, घरें व भिंती यांबद्दलचे तंटे त्याच्याकडे. घरजागांच्या खरेदीविक्रीवर त्याची देखरेख. सरकारकामास बिगारी व मजूर त्यानें पुरवावयाचे. शहरांतील माणसांची गणती व आल्यागेल्याची नोंद त्यानें ठेवावयाची. जुगार त्याच्या परवानगीवांचून कोणीं खेळूं नये व परवानगी दिल्यास त्याबद्दल फी घ्यावी. आजच्या काळीं महापौर, पोलिस आयुक्त, फौजदारी न्यायाधीश, दस्तनोंदणीचा अधिकारी व बाजाराचा निरीक्षक अशा निरनिराळ्या खुर्च्या मांडाव्या लागतील इतकें काम तेथें एका बैठकीवर चाले.

यांत एक बारकावा आहे, व जुन्या हिशेबांची ज्यांस संवय आहे त्यांच्या तो लगेच लक्षांत येईल. त्या काळच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ या शब्दाचा अर्थ गुन्ह्याबद्दल घेतलेला दंड असा असून तो जमेच्या बाजूस पडतो. वादांत हरणारा गुन्हेगारी देई, जिंकणारा हरकी देई, आणि बोलावणें घेऊन गेलेल्या प्याद्याचा मसाला वेगळा. म्हणजे चावडीवर जितकीं माणसें यावींत तितकी जमा वाढावी असा हा हिशेब होता. पकडणारा, न्याय करणारा व दंड वसूल करून सरकारांत भरणारा एकच असला, म्हणजे दप्तराच्या दृष्टीनें चांगला कोतवाल आणि रयतेच्या दृष्टीनें चांगला कोतवाल या दोन निराळ्या व्यक्ति होतात. घाशीरामानें ही रीत निर्माण केली नव्हती. ती त्यास तयार मिळाली.

रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्यास धरून सकाळपर्यंत अटकेंत ठेवावें, हाही शहराचा नियम होता. पेशव्यांच्या फौजेंत नोकरी केलेल्या टोन नांवाच्या युरोपियन अंमलदारानें लिहून ठेविलें आहे कीं, हा नियम इतका कडक पाळला जाई कीं खुद्द पेशव्यासही अवेळीं बाहेर पडल्यामुळें एकदां रात्रभर अटकेंत राहावें लागलें. ही कथा अक्षरशः खरी धरावी किंवा न धरावी. पण अडविण्याच्या अधिकारास अपवाद नव्हता, ही शहराची समजूत तींत स्वच्छ उमटली आहे. कौटिल्यानें जी अपवादांची यादी दिली ती येथें कोठें दिसत नाहीं.

३. नेमणूक व चौदा वर्षें

घाशीराम हा औरंगाबादेकडील, उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. तो पुण्याचा कोतवाल कसा झाला याविषयीं ज्या सुरस कथा आहेत त्या सोडून केवळ सालाकडे पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो. १७७७ हें साल कसलें होतें? नारायणरावाच्या खुनास चार वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. बाल पेशवा सवाई माधवराव तिसऱ्या वर्षांत होता. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास होते. भाऊसाहेबांच्या तोतयाचें बंड १७७६ च्या अखेरीस मोडून त्यास देहान्त शासन झालें होतें. पुढच्याच वर्षीं मोरोबा फडणिसांनीं कारभार कांहीं महिने हातीं घेतला. शहरांत कोण कोणाच्या वाड्यांत रात्रीं जातो हें कळणें ही अशा वेळीं कारभाऱ्याची पहिली गरज होती. स्थानिक घराण्यांशीं ज्याचें नातें नाहीं, गोत नाहीं, पक्ष नाहीं, व जो सर्वस्वीं आपल्यावर अवलंबून आहे, असा परका मनुष्य नानांनीं कोतवालीवर बसविला, यांत त्यांच्या स्वभावास धरून नसलेलें कांहीं नाहीं. आमचें अनुमान असें कीं, घाशीरामाचें परकेपण हीच त्याची योग्यता ठरली.

परंतु अशा नेमणुकीचा एक परिणाम अटळ असतो. ज्याचे कान कारभाऱ्यास हवे असतात, त्याच्याविरुद्धची कुरकुर त्या कारभाऱ्याच्या कानीं पोहोंचत नाहीं. पुण्यांतील रयतेनें गाऱ्हाणें न्यावें कोठें? चावडीवर न्यावें तर तेथें घाशीराम. नानांच्या वाड्यावर न्यावें तर तेथें त्याचा विश्वास. न्यायाधीश रामशास्त्री १७८९ सालीं वारले; त्यांच्या जागीं अय्याशास्त्री आले. मुलाहिजा न ठेवणारा म्हणून ज्याचा लौकिक, असा एक आधार शहरानें घाशीरामाच्या अखेरच्या काळांत गमावला होता, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

४. ऑगस्ट १७९१

श्रावणांतील दक्षिणा ही मूळ दाभाड्यांच्या तळेगांवची. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर ती पेशव्यांनीं चालविली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत दूरदूरच्या देशांतील ब्राह्मण जमत. तेलंगणांतील ब्राह्मण शेंकडों कोस चालून येत व दक्षिणा घेऊन पुन्हां परतत. शहरांत त्यांस ओळखणारें कोणी नसे व त्यांची भाषाही कोणास कळत नसे.

सोमवार ता. २९ ऑगस्ट १७९१ हा दिवस श्रावण अमावास्येच्या सुमाराचा. दक्षिणा आटोपून परत निघालेले असे सुमारें पस्तीस तेलंग ब्राह्मण घाशीरामाच्या माणसांनीं धरले व भवानी पेठेंत एका अरुंद जागेंत कोंडले. तंटा घाशीरामाच्या बागेंत शिरण्यावरून झाला अशी परंपरागत हकीकत आहे. दार उघडलें तेव्हां पुष्कळ जण गुदमरून मेले होते. मृतांचा आंकडा एकवीस असा बहुधा देण्यांत येतो. मानाजी फाकडे यानें कुलूप तोडवून उरलेल्यांस बाहेर काढलें व पेशव्यांकडे वर्दी नेली, असें सांगतात. ते चोर होते असें घाशीरामानें नानांस सांगितल्याचीही हकीकत आहे.

यानंतर शहरांतील सर्व तेलंग ब्राह्मण जमले व वाड्यापुढें ठाण मांडून बसले. अन्नपाणी सोडून दाराशीं बसलेला ब्राह्मण ही पेशवाईंतील सत्तेस सर्वांत अवघड गोष्ट. त्यांतून हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे फौजांसह टिपूवरील मोहिमेंत कर्नाटकांत, महादजी शिंदे उत्तरेंत, पेशवा अवघा सतरा वर्षांचा. नानांस घाशीरामास पाठीशीं घालणें शक्य राहिलें नाहीं. त्यास धरून, बांधून, हत्तीवर बसवून शहरांतून त्याची धिंड काढली, आणि शेवटीं बुधवार ता. ३१ रोजीं गारपिराजवळ त्यास तेलंगांच्या हवालीं केलें. पुढें काय झालें तें आरंभीं सांगितलेंच आहे. सोमवारच्या रात्रीपासून बुधवारपर्यंत, इतक्यांत चौदा वर्षांचा हिशेब मिटला.

त्या वेळीं पुण्यांत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हजर होता. त्याच्या वकिलातीचा पत्रव्यवहार सरदेसाई यांनीं १९३६ सालीं छापून संशोधकांवर उपकार केले आहेत. फोर्ब्सच्या १८१३ सालच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ मध्येंही हा वृत्तांत आला आहे. परंतु फोर्ब्स १७८४ सालींच हिंदुस्थान सोडून गेला होता, म्हणून त्याचें कथन ऐकीव समजूनच वापरलें पाहिजे. प्रत्यक्ष जवळचा साक्षी व दूरचा निवेदक यांस एकाच तराजूंत घालण्याची चूक आपल्याकडे वारंवार होते.

५. चौकशी कोणीं केली?

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. घाशीराम ब्राह्मण होता, हें येथें विसरतां कामा नये. ब्राह्मणाचा वध राजानें मनांतही आणूं नये, कितीही पाप केलें तरी त्यास त्याच्या धनासह राष्ट्राबाहेर घालवावें, असा मनूचा आठव्या अध्यायांतील निर्णय आहे. आणि इतरांस जेथें देहान्त तेथें ब्राह्मणास मुंडन, असेंही त्यानें तेथेंच सांगितलें आहे. अपमान हाच ब्राह्मणाचा मृत्यु, हा त्यामागील भाव. पेशव्यांच्या राज्यांतही ब्राह्मण अपराध्यास सहसा मारीत नसत; त्यास किल्ल्यावर कैदेंत ठेवीत.

ही पार्श्वभूमि लक्षांत घेतली म्हणजे घाशीरामाच्या शासनाचे दोन भाग स्पष्ट निराळे दिसूं लागतात. हत्तीवरील धिंड हा शास्त्रास धरून असलेला सरकारी दंड. त्यानंतर त्यास ब्राह्मणांच्या स्वाधीन करणें हा दंड नव्हे, तर दंडाचा त्याग होय. सरकारनें त्यास मारलें नाहीं. मारण्यासाठीं मोकळें केलें. ब्रह्महत्या सरकारच्या खातीं पडली नाहीं, जमावाचा क्षोभ शमला, आणि या सर्वांत एक गोष्ट राहून गेली ती म्हणजे चौकशी. चौदा वर्षांत काय काय झालें, कोणाच्या हुकुमानें झालें, कोणाकडे गाऱ्हाणीं आलीं व कोणीं तीं दाबलीं, हें सांगूं शकणारा मुख्य मनुष्य गारपिराजवळ दगडांखालीं निजला. तो जिवंत राहता व त्याची जबानी होती, तर ती एकट्या त्याच्याच विरुद्ध गेली असती असें वाटत नाहीं.

नानांनीं हें जाणूनबुजून केलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास आधार नाहीं, आणि नाटककारास जी मोकळीक असते ती संशोधकास नसते. नानांचें चरित्र लिहिणारे वासुदेवशास्त्री खरे हे स्वतः आमच्याच पेशाचे, मिरजेचे शाळामास्तर. त्यांच्या लेखसंग्रहाचे खंड ज्यांनीं वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, नाना पत्रास पत्र लावून, साक्षीस साक्ष जोडून निर्णय घेणारे कारभारी होते. अशा मनुष्यानें इतका मोठा निर्णय दोन दिवसांत उरकावा, हीच गोष्ट त्या दिवसांचा दाब किती होता तें सांगते. आमचें म्हणणें एवढेंच : तेथें सूड पुरा झाला, न्याय अर्धा राहिला.

घाशीरामाचा कैवार घेणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. शहरांत चोऱ्या आटोक्यांत होत्या, रात्रीं बंदोबस्त होता, तो परका म्हणून बळी गेला, असें ते म्हणतात. तो परका होता हें खरें. पण त्या कोठडींत मेले तेही परकेच होते, व त्यांच्या हातीं चावडी नव्हती. बंदोबस्त होता हेंही खरें असेल. परंतु ज्या बंदोबस्तांत रात्रभर कोंडलेल्या माणसांच्या हांका ऐकून दार उघडण्याचें धाडस एकाही पहारेकऱ्यास झालें नाहीं, त्याची स्तुति आमच्यानें करवत नाहीं. त्या पहारेकऱ्यांस धन्याचें भय होतें, आणि धन्यास कोणाचेंच नव्हतें.

६. उपसंहार

घाशीराम गेला. कोतवालाचें पद राहिलें, दंडाची जमा राहिली, रात्रींची तोफही राहिली. वर ज्याचा उल्लेख केला त्या टोननें तोफेचा व अटकेचा मजकूर लिहिला तो घाशीरामानंतर कांहीं वर्षांनीं, आणि तेव्हांही नियम पूर्वीइतकाच कडक होता. व्यक्तीस दगड मारून अधिकार बदलत नाहीं, याहून दुसरा पुरावा कशास हवा? पुण्यास नगरपालिका १८५७ च्या सुमारास व महानगरपालिका १९५० सालीं आली. एका बैठकीवरचीं कामें अनेकांत वांटलीं गेलीं. या वांटणीमुळें कामास उशीर होतो अशी तक्रार आम्हीही करतों. परंतु १७९१ च्या श्रावणांतली ती रात्र आठवली म्हणजे तो उशीर सह्य वाटूं लागतो.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. पेशवे दप्तर मोठें खरें, पण शहराचा रोजचा व्यवहार तेवढ्यांतच सामावला नव्हता. कोतवालीच्या शिक्क्याचीं घरखरेदीपत्रें, हरकीच्या व गुन्हेगारीच्या पावत्या, पेठकऱ्यांचे अर्ज असे कागद जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेले, अजून निघतात. त्यांत लढाई नसते, तह नसतो, म्हणून ते पुष्कळदां बाजूस टाकले जातात. ते टाकूं नयेत. १७७७ ते १७९१ या सालांतील असा एखादा चिटोरा जरी कोणास मिळाला, तरी त्याची नक्कल, कागदाचें वर्णन व तो कोणाच्या संग्रहांत कोठें मिळाला याची टीप, अशा तीन गोष्टी ठेवाव्या. दोन दिवसांत जी चौकशी झाली नाहीं, ती दोनशें वर्षांनीं कां होईना, कागदांस तरी करूं द्यावी.